तळ्यावर मदतीला आलेल्या सगळ्यांचे आभार

रविवारी तळ्याकाठी ढग गडगडले आणि आमच्यासोबतची तपकिरी कुत्री गळपट्ट्यातून निसटून पळाली. तेव्हा धावून आलेल्या, खरं तर न धावलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार!

ती आमची नाही. कायमचं घर मिळेपर्यंत शेल्टरमधून सांभाळायला आणली आहे. अशा बुजऱ्या कुत्र्यामागे धावलं की ते आणखी लांब पळतं. सायकलवाल्या ताईंना हे कसं ठाऊक होतं कोण जाणे, पण त्यांनी सगळ्यांना जागीच थांबवलं. हाका मारू नका म्हणाल्या, आणि आमच्या धाकटीला गवतात पाठमोरं बसवलं. पक्ष्यांचे फोटो काढणारे काका कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्समधून ती कुठल्या झुडपाआड आहे ते सांगत राहिले. (त्यांचा बगळा मात्र उडाला. माफ करा, काका!) फाटकाशी उभं राहून गाड्या हळू करायला लावणाऱ्या मुलांनो, तुमचे उपकार सगळ्यांत मोठे.

शेवटी ती आली ती माझ्या अंगातल्या स्वेटरच्या वासाने. तो ताईंनीच जमिनीवर पसरून ठेवायला सांगितला होता.

जाताना एका आजोबांनी सांगितलेलं इथे मुद्दाम लिहितो: घाबरलेलं कुत्रं मागे सरकत गळपट्ट्यातून डोकं काढून घेतं, म्हणून हार्नेसही (छातीभोवती बांधायचा पट्टा) घालावा आणि दोरी दोन्हींना अडकवावी. आता तसंच करतो.

आणि हो, कुणाची तरी काळी छत्री आमच्याकडे राहिली आहे. येत्या रविवारी सकाळी आम्ही तिथेच असू.