खोबरं खवणाऱ्या हाताचं चित्र

वेंगुर्ला

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. माणसांच्या हालचालींच्या रेघा काढून त्यावरून स्टूल करतोय असं मी कळवलं, तर रेघोट्या मारून स्टूल कसं होतं, असं खवचटपणे विचारलंयस. आता सविस्तर ऐक.

कॉलेजची पोरं घेऊन इथे आलोय. पहिल्या दिवशी रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावरून ओढणारी माणसं काढायला सांगितली, तर सगळ्यांनी माणसंच काढली. बनियन, टोप्या, मिशा, एकाने तर मागे माडसुद्धा. माणूस दिसला की पेन्सिल आधी चेहऱ्याकडे धावते, त्याला इलाज नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी चेहरे बंद. फक्त घोटा, गुडघा, कंबर, खांदा, मनगट एवढेच ठिपके.

ही युक्ती जुनी आहे. एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1880च्या दशकात माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि एकाच काचेवर लागोपाठ फोटो घेतले. माणूस गायब, चालणं तेवढं उरलं. पुढे अमेरिकेत गिलब्रेथ दांपत्याने कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधले. दिवा ठरावीक वेळाने मंद व्हायचा, त्यामुळे फोटोत तुटक रेघ यायची आणि हात कुठे रेंगाळला ते कळायचं. आम्ही तेच मोबाइलवर करतो. सेकंदाला तीस फ्रेम, दर पाचव्या फ्रेमला ट्रेसिंग पेपरवर ठिपका. ठिपके दाटले की हात मंदावला, पांगले की वेग.

पण ह्यात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे भार. रापणीच्या व्हिडिओत माणूस मागे कललेला दिसतो, पण टाच वाळूत किती रुतलीय, कंबरेवर काय आलंय, ते कळत नाही. म्हणून मी पोरांना दोर धरायला लावलं. रापणकर हसले, पण जागा दिली. त्यानंतरच्या चित्रांत टाचेची रेघ आपोआप जाड झाली आणि मनगटाची बारीक. हाताने ओढतोय असं वाटतं, पण ओढतात पाय. कान्डिन्स्की या चित्रकाराने 1926 साली पालुक्का या नर्तकीच्या फोटोंवरून चार रेखाचित्रं केली, फक्त वक्र आणि सरळ रेषा. बघायला अप्रतिम. पण नुसत्या त्या रेषांवरून स्टूल करायला गेलास तर बसणारा पडेल.

स्टूलाचं कारण म्हणजे आमच्या घरमालकीण काकी. सकाळी आडाळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, बसून नारळ खवतात. एक गुडघा उभा, दुसरा पाय मुडपलेला. त्यांचेही ठिपके काढले. गुडघ्याचा एकच ठिपका, एकावर एक पडून काळा झालेला. मनगटाचा मात्र गुंता. एका मुलीने तो काढून काकींना दाखवला. माझी अपेक्षा होती की त्या हसतील. त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर गुंत्याच्या कडेला, जिथे वळसे लहान आणि दाट होतात. म्हणाल्या, "हय करटी लागली." म्हणजे इथे करवंटी लागली. खोबरं संपत आलं की हात सांभाळून फिरतो, ते त्यांनी रेघांतून वाचलं. पोरगी दिवसभर हवेत होती.

गिलब्रेथना वेळ वाचवायचा होता. काकींना घाई नाही, त्यांचा गुडघा दुखतो. म्हणजे आपल्याला हात आहे तसाच ठेवायचाय आणि तो काळा ठिपका हलवायचाय. बैठक वर घेतली तर गुडघा सुटेल, पण मग पातं किती वर न्यायचं? आणि आडाळी जागेवर धरून ठेवतो तो काकींचाच भार; तो काढला तर ती सरकणार. पोरं म्हणतात खाली रबर लावू. मला ते पटत नाही, मोरीत धुऊन धुऊन ते आठवड्यात सुटेल. पाट रुंद करून एक पाय त्यावरच ठेवायचा, असं माझ्या डोक्यात आहे. लाकूड कुठलं, ते तू सांग. इथे फणस मिळतो.

कुडाळला उतर, मी न्यायला येतो. येताना ट्रेसिंग पेपरचा रोल आण, इथला संपलाय. आणि तुझी ती छोटी रंधी विसरू नकोस.

तुझा,
बाळा