काकू, बारशाच्या दिवशी मी खोटं बोलले

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

बहिणीच्या लेकाच्या बारशाला पाळण्यावरचं चिमणाळं आणि पाळण्यातला हत्ती बघून बायका विचारत होत्या, "कुठे शिकलीस गं?" आणि मी पटकन बोलून गेले, "व्हिडिओ बघून." तुम्ही मागच्या खुर्चीत घुगऱ्या खात होतात. ऐकलंत, पण काही बोलला नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

व्हिडिओ बघितले होते हे खरं. ही क्रोशाची भरीव खेळणी म्हणजे जपानी अमिगुरुमी. फेरी जोडायची नाही, गोल गोल फिरत वर चढत जायचं. आधी 6 टाके, मग 12, 18, 24. एवढं पाठ करून हत्तीचं डोकं घेतलं, तर त्याची टोपी झाली. दुसऱ्यांदा घेतलं, तर झालर. तुमच्याकडे आले तेव्हा खरं तर रडायलाच आले होते.

तुम्ही जन्मात खेळणं विणलं नव्हतं. तुमचं काम दोऱ्याचं: रुखवतातली पोपटांची तोरणं, टीव्हीवरचे गोल रुमाल. पण माझी टोपी दोनदा उलटसुलट केलीत आणि म्हणालात, "अगं, गोलाला खांब, म्हणजे उंच टाके, घेतले तर फेरीला 12 वाढवायचे, मुके खांब, म्हणजे बुटके, घेतले तर 6. कमी वाढवलेस की वाटी होते, जास्त वाढवलेस की चुण्या. जपानात गोल काय वेगळा असतो?"

मग डब्यातून 6 चिंचोके काढलेत. एका टाक्यात दोन घातले की एक चिंचोका ताटलीत. ताटलीत सहा झाले की फेरी संपली. फेरीच्या पहिल्या टाक्यात लाल दोऱ्याचा तुकडा. माझ्या फोनमध्ये टाके मोजायचं ॲप होतं, ते त्या दिवसापासून उघडलेलं नाही.

आणि तुमचं ते "उसव"! किती वेळा म्हणालात, देव जाणे. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी झाली, तर ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळलीत, ओल्या हाताने चोळलीत आणि रात्रभर तशीच ठेवलीत. सकाळी सरळ! मी ती फेकून देणार होते. सुईसुद्धा तुम्ही बदलायला लावलीत. माझ्या जाड सुईने वीण सैल पडत होती आणि हत्तीच्या पोटातून कापूस डोकावत होता. उशीतला कापूस भरायला निघाले, तेव्हाही हात धरलात. धुतला की गोळे होतात, वाळता वाळत नाही, पोर तर तो तोंडातच घालणार. पॉलिएस्टरचा आणायला पाठवलंत.

डोळ्यांवरून मात्र आपलं वाजलं. मी मागवलेले काळे प्लॅस्टिकचे डोळे काय चमकत होते! मागून चकती बसते, निघत नाहीत, असं मी सांगत राहिले. तुम्ही करंगळी टाक्यात घालून वीण ताणलीत आणि चकतीसकट डोळा बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे दोऱ्यानेच भरायचे, हे नंतर मी वाचलंही. हत्तीचे डोळे तुम्ही भरलेत. म्हणून तो थोडा झोपाळू दिसतो, आणि सगळ्यांना आवडतो तोच.

चिमणाळ्याच्या पाच चिमण्यांपैकी तीन माझ्या, दोन तुमच्या. कुठल्या दोन ते कोणीही ओळखेल; त्यांच्या चोची सरळ आहेत.

परवा बहिणीचा फोन होता. हत्तीचा डावा कान चघळून चघळून लांब झालाय, पण टाका एक सुटलेला नाही. आता तिला जिराफ हवाय. मान कशी ताठ ठेवायची ते मला कळत नाहीये, तेव्हा रविवारी दुपारी येते. आणि तुमची ती बारीक सुई अजून माझ्याकडेच आहे. ती काही परत मिळणार नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची