शनिवारच्या वर्गाबद्दल

मंडळी, शनिवारी दुपारी ३ वाजता एस.वाय.च्या मुलांचा वर्ग आहे. विषय क्रेडिट कार्डाची ‘किमान रक्कम’, म्हणजे बिलातली निदान भरावीच लागते ती रक्कम. भाषण नको, फळ्यावर हिशेब मांडा. थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. पण १०,००० रुपये थकले की महिन्याला ३५० व्याज, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, वर जीएसटी. किमान रक्कम भरून विलंब शुल्क तेवढं टळतं. व्याज चालूच, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० वर, हेही सांगा.

शेअर बाजाराचा विषय काढू नका (पोरं काढतीलच). विमा एजंट असलेल्या सभासदांनी व्हिजिटिंग कार्डं घरीच ठेवावीत. येणं जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत कळवा.