मंग्या, तुझ्या वाईनबद्दल

नाशिक, १८ फेब्रुवारी

प्रिय मंग्या,

परवा मिसळ खाताना तू हट्टालाच पेटलास, की रोज पेलाभर वाईन हृदयाला चांगली, 'रिसर्च आहे'. तर्री माझ्या नाकात गेली आणि भांडण अर्धवट राहिलं. ते आता पुरं करतो.

आमच्या अण्णांचं तुला माहीतच आहे. यकृताला सूज आली, डॉक्टरांनी दम भरला आणि तीस वर्षांची सवय एका दिवसात सुटली. आठ महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात फॉर्म भरताना 'मद्यपान' या रकान्यात त्यांनी ठसठशीत 'नाही' लिहिलं. खोटं नव्हतंच ते! पण अशी माणसं 'न पिणाऱ्यां'त मोजली, तर तो गट आजारीच दिसणार आणि थोडी थोडी घेणारे त्याच्याशेजारी पैलवान वाटणार. वाईनचे गोडवे गाणाऱ्या बऱ्याच जुन्या पाहण्यांत हीच भेसळ होती.

फिनलंडची गोष्ट ऐक. गाजरात असतं ते बीटा-कॅरोटीन भरपूर पोटात जाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं पाहण्यांत दिसत होतं. मग २९,१३३ सिगारेट ओढणारे पुरुष घेतले आणि कुणाला खरी गोळी, कुणाला खोटी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. १९९४ मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीनवाल्यांत हा कर्करोग १८ टक्के जास्त! गाजर बिचारं निर्दोष. पण गाजर खाणाऱ्याच्या बाकीच्या चांगल्या सवयी गोळीत कशा भरणार?

म्हणून पाहण्या केरात टाक, असं मी म्हणत नाही हं. डालड्याचंच बघ. वीस वर्षं लोकांना त्यातली ट्रान्स फॅट नावाची चरबी चारून हार्ट अटॅकची वाट कोण बघत बसणार? नेदरलँड्समध्ये ५९ जणांना तीन आठवडे तसं जेवण दिलं, तर वाईट कोलेस्टेरॉल चढलं, चांगलं उतरलं; हे १९९० चं. पुढे अमेरिकेतल्या हजारो नर्सच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींनीही तिकडेच बोट दाखवलं. एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार तेच सांगायला लागले, की मी ऐकतो. आपल्याकडेही तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे.

आणि तू पाठवलेल्या बातमीतला 'रिसर्च' उंदरांवरचा होता, शेवटची ओळ वाच.

शनिवारी ये. पिंपळगावहून द्राक्षांची पेटी आलीय. वाईन आणायची तर आण, चवीसाठी मीही अर्धा पेला घेईन. फक्त अण्णा झोपल्यावर.

तुझा,
सुध्या