चि. निखिलला, त्याच्या प्रोफाइलबद्दल

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझं लिंक्डइनचं पान दोनदा वाचलं. तू काय करतोस ते मला माहीत आहे, तरी वाचून शंका यायला लागली. 'स्ट्रॅटेजिक ग्रोथ कॅटॅलिस्ट | इकोसिस्टम एनेबलर | थॉट लीडर | फाउंडर अँड सीईओ'. अरे, कंपनीत माणूस एक. सीईओही तूच आणि चहा आणणाराही तूच.

नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात, पण शोधयादीत किंवा कमेंटशेजारी सुरुवातीची थोडीच दिसतात. तुझी ती 'कॅटॅलिस्ट'पाशीच संपतात. चाकणचा कारखानदार 'स्टॉक ऑडिट' नाहीतर 'इन्व्हेंटरी' असं टाकून शोधणार. कॅटॅलिस्ट त्याला रसायनाच्या पिंपातच लागतो. म्हणून आधी काम, मग गाव: 'इन्व्हेंटरी आणि स्टॉक ऑडिट सल्लागार, लहान इंजिनिअरिंग कारखाने, पुणे'. लिही इंग्रजीत, पण लिही हेच.

'अबाउट'मध्ये २,६०० अक्षरांची सोय आहे. भरलीच पाहिजेत असा दंडक नाही. 'सी मोअर' दाबायच्या आधी दोन-तीन ओळी दिसतात, आणि त्या तू 'पॅशनेट' असल्याचं सांगण्यात घालवल्यास. तिथे गिऱ्हाइकाचं दुखणं घाल: टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, माल दिसतो, रॅकवर सापडत नाही, एका कोपऱ्यात पट्ट्या गंजतायत आणि एका बेअरिंगपायी मशीन उभं आहे. त्याखाली तुझी कामं येऊ देत. प्रत्यक्ष मोजणी, टॅलीशी जुळवणी, किंमत आणि खप बघून ए-बी-सी वर्गवारी (सर्वांत महत्त्वाचा माल 'ए', किरकोळ तो 'सी'), प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूची रीऑर्डर लेव्हल, म्हणजे साठा कितीवर आला की नवा मागवायचा ते. किती दिवस लागतात आणि शेवटी मालकाच्या हातात कोणतं शीट पडतं, तेही.

'एंड-टू-एंड सोल्युशन्स' मात्र आजच काढ. मालक त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. रॅकला लेबलं चिकटवणं, स्टोअरकीपरला शिकवणं, जुनी बिलं चढवणं, सगळं त्यात आलं असं धरून चालतो, आणि मग वाद फीवर येतो. काय करत नाहीस, त्याचीही एक ओळ असू दे.

एक चाचणी सांगते. प्रत्येक वाक्यातलं तुझं नाव काढून एखाद्या विमा एजंटाचं घाल. वाक्य तरीही बसलं तर खोड. तुझ्या पानावर 'होलिस्टिक' आणि 'सिनर्जी'ची सगळी वाक्यं त्याला बसतात, काही तर जास्तच शोभतात.

कौशल्यांपुढच्या एन्डॉर्समेंट्सचं, म्हणजे 'याला हे येतं' अशा दुसऱ्यांनी दिलेल्या दुजोऱ्यांचं, कौतुक नको. त्या एका टिचकीत मिळतात, मावसभावंडंही देतात. त्यापेक्षा काम संपल्याच्या आठवड्यातच मालकाकडे लेखी रेकमेंडेशन माग, आणि काय लिहायचं तेही सुचव: आधी काय अडलं होतं, तू काय केलंस, नंतर काय बदललं. नुसतं 'लिहा ना काहीतरी' म्हटलंस की 'मेहनती मुलगा आहे' एवढंच येतं. गिऱ्हाइकाला नाव छापायचं नसेल तर धंदा, गाव आणि वस्तूंची संख्या द्यावी.

'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टीही काढ, ती नोकरी शोधणाऱ्याची. सल्लागारासाठी सर्व्हिसेसचा वेगळा विभाग आहे, तो भर. हे सगळं करण्याआधी सेटिंग्जमध्ये बदलांची वर्दी ओळखीच्यांना जाणं बंद कर, नाहीतर जुन्या नोकरीची तारीख दुरुस्त केलीस तरी लोक नव्या नोकरीबद्दल अभिनंदन करत बसतील.

आणि फोटो बदल. लग्नातला कापून लावलायस, खांद्यावर मामाचा हात तसाच आहे.

तुझी,
आई