फुकट उतरवून घेतलेल्या गाण्याचे देणे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पैसे न देता गाणी डाउनलोड करण्यात काहीच गैर नाही, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. फाइलची नक्कल केल्याने मूळ फाइल जागच्या जागी राहते, त्यामुळे कुणाचे काही जात नाही. संगीत कंपन्यांनी रसिकांना आजवर पुष्कळ लुबाडले आहे. आणि कलावंत आपली कमाई कार्यक्रमांतून करतोच, असे त्या पत्राचे सार होते. पत्र मनापासून लिहिलेले होते आणि त्यातल्या काही गोष्टी खऱ्याही आहेत, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. मी ध्वनिमुद्रक आहे. काचेच्या अलीकडे बसून पलीकडच्यांचे गाणे टिपून घेणे हे गेल्या बावीस वर्षांचे माझे काम.

पहिला मुद्दा मला अर्धा मान्य आहे. परवानगीविना केलेली नक्कल आणि चोरी या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि हे न्यायालयानेही म्हटले आहे. अमेरिकी गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांच्या तबकड्या परवानगी न घेता काढून टपालाने विकणाऱ्या एका माणसाचा खटला १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा अशा तबकड्यांना ‘चोरीचा माल’ म्हणता येणार नाही, कारण स्वामित्वहक्काचा भंग आणि चोरी यांची सरळ बरोबरी होत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. तेव्हा गाणे फुकट उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला चोर म्हणणे मला कधीच पटलेले नाही. पण चोरी नाही म्हणजे रास्त आहे, हे त्यातून कसे निघते? एखाद्याकडून काम करवून घेतले आणि मजुरी बुडवली, तर त्याच्या घरातली एकही वस्तू आपण उचललेली नसते. तरीही त्याचे काही गेले नाही असे कुणी म्हणत नाही. गाण्याच्या बाबतीत प्रश्न वस्तूचा नाही, देण्याचा आहे.

हे काम कसे असते ते एकदा जवळून सांगतो. काही महिन्यांपूर्वी एका गाण्यात मुखडा संपून अंतरा सुरू होण्याआधी व्हायोलिनचा एक छोटा तुकडा होता, जेमतेम नऊ सेकंदांचा. वादक अनुभवी होते. पहिलाच टेक मला चांगला वाटला, पण त्यांनी मान हलवली. दुसऱ्यात गज उलटताना किंचित खरखर आली, तिसऱ्यात सूर चोख होता पण शेवटचा स्वर गायिकेच्या श्वासावर चढत होता. असे करत अकरावा टेक झाला आणि तो त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकला, मग फक्त ‘हा’ एवढेच म्हणाले. नंतर मी त्या नऊ सेकंदांवर पाऊण तास बसलो, कारण तुकडा ऐकू यायला हवा होता आणि तरी गायिकेच्या पुढे येता कामा नये होता. ऐकणाऱ्याला यातले काही कळत नाही, आणि कळू नये यासाठीच ते केलेले असते. तोच तुकडा ज्या गाण्यात आहे ते चार मिनिटांचे गाणे सीडीवर साधारण चाळीस एमबी जागा घेते. तेच दाबून लहान केले, म्हणजे १२८ केबीपीएसची एमपीथ्री फाइल केली, की चार एमबीच्या आत मावते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फोनमध्ये उतरते. नक्कल करणे सोपे झाले ते त्या फाइलचे. अकरा टेक अजूनही अकराच घ्यावे लागतात.

‘मूळ जागेवरच राहते’ हा युक्तिवाद इंटरनेटने आणला असे आपल्याला वाटते, पण तो बराच जुना आहे. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका प्रसिद्ध कॅफेत गीतकार एर्नेस्त बूर्जे आपल्या संगीतकार मित्रांसह बसला होता आणि तिथला वाद्यवृंद नेमकी यांचीच गाणी वाजवत होता. बिल आले तेव्हा त्यांनी ते द्यायला नकार दिला. आमची गाणी ऐकवून तुम्ही गिऱ्हाईक बसवता आणि आम्हाला काही देत नाही, मग तुमच्या पेयाचे पैसे आम्ही का द्यावेत, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल गीतकार-संगीतकारांच्या बाजूने लागला. त्यातूनच १८५१ मध्ये त्यांच्या वतीने स्वामित्वधन गोळा करणारी ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली, जी आजही काम करते. कॅफेवाल्याने बूर्जेच्या खिशातून काही काढले नव्हते. गाण्याचा कागदही बूर्जेपाशीच होता. तरी दुसऱ्याच्या कामाचा उपभोग घेतला की त्याचे काही देणे लागते, हे त्या न्यायाधीशांना पटले, आणि पावणेदोनशे वर्षांनंतर मलाही त्यापेक्षा सरळ उत्तर सुचत नाही.

दर वेळी नवे यंत्र येते आणि त्याबरोबर ‘हे वेगळे आहे, याला जुना नियम लागू नाही’ हे म्हणणेही येते. आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या निघाल्या, तेव्हा १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या शब्दांना धरून सांगितले की माणसाला वाचता न येणारी ही गुंडाळी म्हणजे स्वरलिपीची नक्कल नव्हे. त्यामुळे गुंडाळीवाले काही काळ मोकळे सुटले. पण पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, तिथल्या संसदेने कायदा करून प्रत्येक गुंडाळीमागे आणि तबकडीमागे रचनाकाराला दोन सेंट देणे बंधनकारक केले. त्या कायद्यात एक शहाणपण होते, ते मला फार महत्त्वाचे वाटते: एकदा रचनाकाराच्या संमतीने गाणे ध्वनिमुद्रित झाले की ते पुन्हा मुद्रित करण्यापासून कुणालाही अडवायचे नाही, पण मोबदला मात्र चुकवू द्यायचा नाही. म्हणजे यंत्रही थांबले नाही आणि संगीतकारही उपाशी राहिला नाही. कायदा यंत्राच्या मागे पडतो तेव्हा मधल्या काळात जी पोकळी राहते, ती परवानगी नसते.

कलावंत कार्यक्रमांतून कमावतोच, या मुद्द्याने मला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण तो फक्त रंगमंचावर दिसणाऱ्या माणसाचा विचार करतो. गीतकार कोणत्या कार्यक्रमात उभा राहतो? ज्याने चाल बांधली त्याला गायला येतेच असे नाही. वय झालेल्या किंवा आजारी गायकाचे कार्यक्रम थांबतात, त्याची गाणी मात्र वाजत राहतात. व्हायोलिनवादक, संगीत संयोजक, मी, आमच्यापैकी बहुतेकांना त्या दिवसाचे मानधन मिळते आणि विषय संपतो, हे खरे आहे. पण पुढच्या गाण्यासाठी कुणी सहा वादक बोलवायचे की एका कीबोर्डवर भागवायचे, हे आधीच्या गाण्याने किती मिळवले यावरच ठरते. बजेट आटले की सर्वांत आधी वादक कमी होतात. हे मी आकडेवारी वाचून सांगत नाही, माझ्या स्टुडिओतल्या रिकाम्या खुर्च्या बघून सांगतो.

आता कंपन्यांविषयी. पत्रलेखकाचा राग मला समजतो, आणि त्यात मी भरच घालीन. एका आवडत्या गाण्यासाठी दहा गाण्यांची अख्खी सीडी घ्यायला लावणे हा वर्षानुवर्षे धंद्याचा रिवाज होता. १९९९ च्या जूनमध्ये इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घेण्याची नॅपस्टर ही सेवा सुरू झाली आणि हवे ते एकच गाणे मिळू लागले, तेव्हा लोक त्यावर तुटून पडले ते केवळ फुकट होते म्हणून नव्हे. न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ च्या जुलैमध्ये नॅपस्टर थांबले, पण त्याने दाखवलेल्या सोयीची रीतसर व्यवस्था उभी करण्याऐवजी २००३ पासून अमेरिकेतल्या कंपन्यांनी घरोघरच्या श्रोत्यांवर हजारो खटले भरले. त्यांतल्या एका खटल्यात २४ गाण्यांबद्दल एका बाईला १९ लाख २० हजार डॉलर भरपाई द्यावी, असा कौल २००९ मध्ये ज्युरीने दिला. पुढे ती रक्कम पुष्कळ खाली आली, तरी २ लाख २२ हजार डॉलरांवर कायम झाली. २००५ मध्ये तर सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही सीडी संगणकात घालताच त्या मालकाला न सांगता असे सॉफ्टवेअर बसवत की संगणकाची सुरक्षाच पोखरली जाई. म्हणजे ज्याने पैसे मोजून सीडी घेतली, त्यालाच शिक्षा. या वागण्याचे समर्थन मी करणार नाही, आणि आमच्या व्यवसायातल्या कुणी करूही नये.

मात्र या रागाचा रोख कुठे जातो ते पाहायला हवे. फुकट उतरवून घेतलेल्या गाण्यातून कंपनीचा वाटा बुडतो तसा गीतकाराचाही बुडतो, आणि कंपनीकडे वकील असतात, गीतकाराकडे नसतात. दुकानदाराशी भांडण आहे म्हणून शेतकऱ्याचे पैसे बुडवण्यासारखे हे आहे. शिवाय सोयीची आणि रास्त दराची वाट मिळाली की लोक पैसे देतात, हेही सिद्ध झालेले आहे. २००३ च्या एप्रिलमध्ये आयट्यून्स हे इंटरनेटवरचे गाण्यांचे दुकान ९९ सेंटला एक गाणे या दराने उघडले आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. फुकटची दालने तेव्हाही उघडीच होती.

नुकसान खरेच होते का, हा वाद अभ्यासकांमध्ये अजून संपलेला नाही. फुकट उतरवलेले प्रत्येक गाणे म्हणजे बुडालेली एक विक्री, हा कंपन्यांचा हिशेब उघडच चुकीचा आहे, कारण फुकट मिळाले म्हणून घेतलेली कितीतरी गाणी कुणी विकत घेतली नसती. विक्रीवर परिणाम जवळपास शून्य, असा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या शोधनिबंधाने काढला होता आणि त्यावर इतर अर्थतज्ज्ञांनी जोरदार आक्षेपही घेतले. ध्वनिमुद्रित संगीताचे जागतिक उत्पन्न १९९९ नंतर साधारण पंधरा वर्षे घसरत गेले आणि स्ट्रीमिंग, म्हणजे गाणे विकत न घेता इंटरनेटवरून थेट ऐकणे, रुजल्यावर पुन्हा वाढले, एवढे मात्र निर्विवाद आहे. पण समजा, नुकसान शून्य आहे असे उद्या सिद्ध झाले, तरी माझे मत बदलणार नाही. नाटकाच्या प्रयोगात एक खुर्ची रिकामी होती म्हणून तिकीट न काढता जाऊन बसलो, तर नाटक कंपनीचे एका पैशाचेही नुकसान होत नाही. तरी शेजारी तिकीट काढून बसलेल्या माणसाच्या नजरेला आपण नजर देऊ शकत नाही, कारण त्याच्यासारख्यांनी पैसे दिले म्हणूनच पडदा वर गेलेला असतो.

ज्याच्याकडे खरेच पैसे नाहीत त्याने काय करावे, हा प्रश्न मी टाळत नाही. गाणे ही चैन नाही असे मी मानतो. पण आज रेडिओ आहे, जाहिरातींसह फुकट ऐकवणाऱ्या रीतसर सेवा आहेत, स्वतः कलावंतांनीच मोकळी सोडलेली ध्वनिमुद्रणे आहेत. २००२ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांनी तर कलावंताला ‘हे घ्या, वाटा’ असे अधिकृतपणे सांगण्याची सोय करून दिली. २००७ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश बँडने आपला नवा अल्बम ‘वाटेल ते द्या’ या बोलीवर वेबसाइटवर ठेवला आणि कुणी शून्य दिले तरी चालेल असे सांगितले. तो अल्बम शून्य देऊन घेणाऱ्याने काहीही गैर केले नाही. फरक किमतीचा नाही. फुकट द्यायचे की नाही हे ज्याने गाणे केले त्याने ठरवले, एवढाच तो आहे.

स्ट्रीमिंगचे पैसे भरले की आपले देणे फिटले, असे मात्र कुणी समजू नये. यांतल्या बहुतेक सेवा सगळ्या श्रोत्यांचे पैसे एका हौदात टाकतात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात, त्यामुळे मी महिनाभर एकाच अनवट गायकाला ऐकले तरी माझ्या पैशाचा मोठा भाग मी कधी न ऐकलेल्या लोकप्रिय गाण्यांकडे जातो. स्पॉटिफायने तर २०२४ पासून, आधीच्या बारा महिन्यांत एक हजार वेळाही न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला मोबदलाच द्यायचा नाही, असे ठरवले. छोट्या कलावंताच्या दृष्टीने हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध रसिकांनी बोलायला हवे. ज्याचे गाणे खरेच आवडते त्याच्याकडून ते थेट विकत घ्यावे. अनेक जण तशी विकतात, आणि मध्ये हात जितके कमी तितके त्याच्या हाती जास्त पडते.

एका बाबतीत मी पत्रलेखकाच्या बाजूचा आहे. जी ध्वनिमुद्रणे कंपन्यांनी कपाटात बंद करून ठेवली आहेत, जी कुठल्याच किमतीला मिळत नाहीत, ती जुन्या तबकड्यांवरून उतरवून एकमेकांना देणाऱ्या संग्राहकांना मी दोष देणार नाही. त्यांनी जपले नसते तर त्यांतले पुष्कळ संगीत आज ऐकायलाच मिळाले नसते. तिथे देणे चुकवले जात नाही, देणे घ्यायला दारात कुणी उभेच नसते.

हे लिहिताना मला माझी विद्यार्थिदशा आठवली. हाती पैसे नसताना मीही शेकडो गाणी फुकट उतरवून घेतली होती, आणि खरे सांगायचे तर त्यांतूनच माझा कान तयार झाला. कामाला लागल्यावर एक जुनी हार्ड डिस्क घेऊन बसलो आणि त्यातले जे जे रीतसर मिळेल ते विकत घ्यायला सुरुवात केली. चार-पाच वर्षे लागली. चाळीसएक गाणी अजून कुठेच विकत मिळत नाहीत. ती मी ठेवली आहेत, आणि दर काही महिन्यांनी त्यांचा शोध घेतो. मागच्या महिन्यात त्यांतली दोन सापडली. त्याच दिवशी घेतली.

कळावे.

आपला,
एक ध्वनिमुद्रक