चटणी डावीकडेच वाढ

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, फोनवर तुझं एकच चाललंय, "खर्डा, लोणचं मीच वाढत होते, म्हणून झालं हे." ते आधी मनातून काढ. बीपीमुळं रक्तस्राव होतो तो बहुतेकदा मेंदूत खोलवर. बाबांचा झाला मागच्या भागात, वरच्या थरालगत. एमआरआयमध्ये दिसलेले बारीक काळे ठिपकेही वरवरच होते. म्हणजे आधीही कधीतरी थेंबभर रक्त झिरपून गेलं होतं, कुणाला न कळता. उतारवयात काहींच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं, भिंत ठिसूळ होते आणि एक दिवस फुटते. आम्हा भावंडांची काळजी करू नकोस, बहुतेकांत हे आनुवंशिक नसतं.

त्या दिवशी ताटातली उजवीकडची भाजी साफ आणि डावीकडचा खर्डा, लिंबू, कांदा जसाच्या तसा. तुला आधी वाटलं, रुसलेत. पण खर्ड्याला न शिवता हा माणूस उठणार नाही, हेही तुझ्याच लक्षात आलं. त्यांना ती बाजू दिसतच नव्हती गं. तू तासाभरात दवाखान्यात नेलंस. आठवायचंच तर तेवढं आठव.

बाबा, आता तुम्हाला. रंकाळ्यावरचे तुमचे मित्र म्हणतात, लकवा येऊन गेला की रक्त पातळ करायची गोळी हवीच. त्यांच्या मेंदूत गुठळी अडकली होती, त्यांना ती बरोबर आहे. तुमच्या मेंदूत रक्त सांडलंय. या आजारात ते पुन्हा सांडायची भीती जास्त असते आणि ॲस्पिरिननं ती आणखी वाढते. परवा तुम्ही कपाटातल्या जुन्या पाकिटातली एक घेतलीत, हे ऐकून माझे हातपाय गार पडले. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलरही आणू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. आपल्या हातात आहे ते बीपी. डॉक्टरांनी 130/80 च्या खाली ठेवायला सांगितलंय, मीठ कमी करायचं ते त्यासाठी. रोज मोजा, वहीत लिहा.

आणखी एक. बोटांना मुंग्या येऊन त्या हळूहळू कोपरापर्यंत, ओठापर्यंत चढल्या आणि दहा मिनिटांत गेल्या, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. दुसरे डॉक्टर असतील तर आधी एमआरआयची फाइल पुढं ठेवायची, नाहीतर साधा झटका समजून तीच गोळी लिहून देतील. अचानक डोकं ठणकलं, बोबडी वळली, तर कुणाची वाट न बघता 108.

शनिवारी रात्रीच्या महालक्ष्मीनं निघते. ते कपाट मीच रिकामं करीन.

आणि आई, तू हल्ली बाबांचं ताट फिरवून ठेवतेस म्हणे. नको. मान डावीकडं वळवून शोधायची सवय लागायला हवी, असं फिजिओच्या मॅडमनी सांगितलंय. चटणी डावीकडेच वाढ. थोडा वेळ लागेल, शोधू दे त्यांना.

तुमची,
लेक